मनोरुग्णसेवेचा जमाखर्च
(मंडळाच्या वार्षिक अधिवेशनात केलेले भाषण)



मंडळाने या वर्षी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आपल्या सचिवांची अपेक्षा अशी होती की, अडतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून खडू झिजविलेला हा मनुष्य शिक्षणावर बोलेल. विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा समारंभ नुकताच झाला आहे. तेव्हा ते औचित्याचेही ठरले असते. परंतु मी विषय निराळा निवडला आहे. मनाच्या आजाराने व व्यसनाने ग्रासलेल्या माणसांची शुश्रूषा, तिच्यावर सरकारने ठेवावयाची देखरेख, आणि तिच्यासाठी राखून ठेवलेल्या पैशाचा हिशेब, हा तो विषय होय. मी डॉक्टर नव्हे की वकील नव्हे. जुन्या अकरावीचा मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेला मनुष्य आहे. कायद्याची कलमे मी उतारवयात वाचली, आणि तीही ठेच लागल्यावर. ती ठेच कोणती, हे पुढे ओघाने येईलच.

आरंभ आपल्याच घरापासून करतो. या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर मंडळाचा जमाखर्च छापलेला असतो. आपल्यापैकी कित्येकजण स्मरणिका मागील बाजूनेच उघडतात, हे मी वर्षानुवर्षे पाहात आलो आहे. संपादकांनी राग मानू नये. एका साली मंडपाच्या भाड्यात दोनशे रुपयांचा फरक निघाला, तेव्हा सर्वसाधारण सभेत त्यावर पाऊण तास वाद झाला आणि खजिनदारांना पावतीचे पुस्तक आणून दाखवावे लागले. मला त्या वादाचा अभिमान वाटतो. सार्वजनिक पैसा हा ज्याचा त्याने विचारल्याशिवाय सुरक्षित राहात नाही, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावे लागलेले नाही.

परंतु हेच आपण लोक, घरातील एखादा मुलगा व्यसनात बुडाला किंवा एखाद्या सुनेच्या मनाचा तोल गेला, म्हणजे एकाएकी मुके होतो. ज्या दारात त्याला सोडून येतो, त्या दाराला सरकारची मान्यता आहे की नाही, आत डॉक्टर येतो की नाही, घेतलेल्या पैशाची पावती मिळते की नाही, यांतील एकही प्रश्न आपण विचारीत नाही. दोनशे रुपयांसाठी पाऊण तास भांडणारा मनुष्य पोटच्या गोळ्यासाठी पाच मिनिटे भांडत नाही. आज माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी प्रथम स्वतःविरुद्ध नोंदवितो.

व्यसन ही काही आजची गोष्ट नव्हे. माझी आजी सांगत असे की, निंदणीला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूचा कण चाटवून बांधावरच्या झोळीत निजवीत. इंग्रजी अमलात आपल्या वऱ्हाडात अफू-गांजाची दुकाने सरकारी परवान्याने चालत आणि त्यांचे उत्पन्न तिजोरीत जाई. म्हणजे विष विकण्याचा हिशेब सरकार चोख ठेवीत होते; विष खाणाऱ्याचा हिशेब ठेवण्याची कोणास आवश्यकता वाटली नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली अखिल भारतीय अफू परिषदेत ठरले की, औषधाव्यतिरिक्त अफूची विक्री दहा वर्षांत बंद करावी, आणि त्याप्रमाणे १९५९ पासून ती दुकाने गेली. पुढे १९८५ साली अंमली पदार्थांविषयीचा कडक कायदा झाला. दुकान गेले, परंतु अफूची जी नातवंडे-पतवंडे कारखान्यात जन्मास आली, ती गोळीच्या रूपाने औषधाच्या दुकानातून परत आली. वेदनाशामक गोळ्यांपैकी काही, खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन, ही सारी त्याच गोत्राची. दुखण्यावर ती गुणकारी आहेत यात शंका नाही. कर्करोगाच्या रोग्याला मॉर्फिन मिळाले नाही तर तो किती तळमळतो, हे ज्याने पाहिले आहे तो या औषधांना सरसकट शिव्या देणार नाही. प्रश्न आहे तो ती कोणाच्या चिठ्ठीवर, किती दिवस आणि कोणाच्या नजरेखाली मिळतात याचा.

यासाठी नियम आहेत. मार्च २०१४ पासून अशा औषधांची एक विशेष यादी अमलात आली. त्या यादीतील गोळी देताना दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहावयाचे आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवावयाची असते. ट्रॅमाडॉल नावाची जी गोळी आहे, तिला तर एप्रिल २०१८ मध्ये थेट अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणण्यात आले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केला. त्यात अफूवर्गीय पदार्थ घेणाऱ्यांची संख्या देशात सुमारे २ कोटी २६ लक्ष आणि त्यांपैकी ज्यांना ते सोडविण्यासाठी मदतीची गरज आहे असे सुमारे ७७ लक्ष सांगितले आहेत. या ७७ लक्षांत एक माझ्या घरचा होता. आता त्याच्याविषयी सांगतो. त्याची परवानगी मी घेतलेली आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा तो मुलगा. मालवाहू गाडी चालवीत असे. २०१९ साली महामार्गावर अपघात होऊन त्याच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. दहा दिवस संपले. परंतु कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखविली की गोळ्या मिळत, आणि पुढे पुढे चिठ्ठीही लागेना. त्या दुकानात ती वेगळी वही होती की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही. मी कधी विचारले नाही. घरात कोणालाही संशय आला नाही, कारण आपल्याकडे दारूला व्यसन म्हणतात, गोळीला औषध म्हणतात. पोरगा नेमाने औषध घेतो याचे बहिणीला समाधानच वाटत असे. गोळ्यांची संख्या वाढत जाऊन गाडीचे हप्ते थकले आणि घरातील पितळेची भांडी नाहीशी होऊ लागली, तेव्हा आमचे डोळे उघडले.

तेव्हा कुटुंबातील शिकलेला आणि कर्ता मनुष्य म्हणून सर्वांनी माझ्याकडे पाहिले. कोणीतरी दुसऱ्या जिल्ह्यातील एका व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला. फोन केला तर रात्री गाडी घेऊन चार जण आले आणि पोराला झोपेतून उचलून घेऊन गेले. त्यांच्यामागोमाग दुसऱ्या दिवशी मी गेलो. बाहेरच्या खोलीत महापुरुषांच्या तसबिरी होत्या, भिंतीवर सुविचार होते, टेबलावर रजिस्टर होते. मास्तराला रजिस्टर दिसले की विश्वास बसतो. मी सहा महिन्यांचे पैसे भरले, एका छापील कागदावर सही केली आणि चहा घेऊन परत आलो. तो कागद मी वाचला नाही. अडतीस वर्षे मुलांना सांगत आलो, की प्रश्नपत्रिका नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये.

पहिले दोन महिने भेट नाही, असा तेथील नियम सांगण्यात आला. तिसऱ्या महिन्यात मी गेलो, तेव्हा माझ्यासमोर जो मुलगा आणून उभा केला त्याला मी क्षणभर ओळखले नाही. डोक्याचा गोटा केलेला, डोळे खोल गेलेले. केंद्राचा मनुष्य शेजारी बसून होता, म्हणून तो काही बोलला नाही. निघताना नमस्काराला वाकला आणि पायाशीच पुटपुटला, "मामा, तुम्ही एकदा आत येऊन काऊन नाही पाह्यलं?" मी त्याच दिवशी त्याला घरी आणले. आतल्या खोलीत काय होते, ते त्याने हळूहळू सांगितले. वीस-बावीस माणसे एका दालनात, बाहेरून कुलूप. पहिले आठ दिवस अंगाची लाही होत असताना औषधाचा एक थेंब नाही. पळून जाण्याचा प्रयत्न करणाऱ्याला इतर रुग्णांकरवीच मार. डॉक्टर म्हणून जे गृहस्थ येत, ते महिन्यातून एकदा बाहेरच्या खोलीत बसून कागदांवर सह्या करून जात. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे हे सर्व ज्यांनी पैसे भरले त्यांच्याकडूनच.

त्यानंतर मी कायदा वाचावयास घेतला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आहे. दारू व अंमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणारे मनोविकारही त्याच्या व्याख्येत येतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणजे अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राने राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केली पाहिजे. नोंदणीवाचून केंद्र चालविले तर पहिल्या अपराधास ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत दंड आहे आणि पुढे तो ५ लाखांपर्यंत चढतो. दर तीन वर्षांनी प्रत्येक नोंदलेल्या संस्थेची तपासणी व्हावयाची असते, आणि तपासणी करणाऱ्यांत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, मनोविकारतज्ज्ञ यांच्याबरोबरच रुग्णांचे व त्यांची काळजी घेणाऱ्यांचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. रुग्णाची इच्छा नसताना त्याला ठेवावयाचे, तर त्याची निराळी पद्धत आहे: दोन जाणकारांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावयाचे, मुदत प्रथम तीस दिवसांची, आणि पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवावयाचे, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीनच दिवसांत. रुग्णाला भेटीचा व फोनचा हक्क आहे. त्याच्याकडून मोबदला दिल्यावाचून काम करवून घेता येत नाही. आणि श्रोतेहो, विसाव्या कलमात एक वाक्य असेही आहे की, सक्तीने कोणाचे मुंडण करता येणार नाही. ते वाचताना मला माझ्या भाच्याचे ते डोके दिसत होते. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे सारे आधीच ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते मला, सही करणाऱ्याला.

मी तक्रारीचा अर्ज लिहिला. अक्षर चांगले काढले, कलमांचे आकडे घातले. बहिणीची सही घेण्यासाठी गेलो, तेव्हा ती बराच वेळ कागदाकडे पाहात राहिली आणि म्हणाली, "भाऊ, राहू द्या. चौकशीला माणसं घरी येतील. पोरीची सोयरीक मोडंल." तिच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, स्थळ आपल्याच ज्ञातीतले, आणि आपल्याच मेळाव्यातून आलेले. मी अर्ज घडी करून खिशात ठेवला. लग्न झाले, मुलगी सुखात आहे. तो अर्ज तीन वर्षे माझ्या कपाटात पडून राहिला, आणि या तीन वर्षांत त्या दारातून किती मुले आत गेली असतील, याचा विचार मनात आला की मला झोप लागत नाही.

म्हणून मी म्हणतो की, हा विषय या व्यासपीठावरचाच आहे. सरकारी देखरेख म्हणजे काही आकाशातून पाहणारा डोळा नव्हे. निरीक्षक येतो तो बहुधा कोणाच्या तक्रारीवरून. आणि तक्रार करू शकतो तो नातलग. त्या नातलगाच्या तोंडावर आपण हात ठेवलेला आहे. वधू-वर परिचयाच्या वेळी 'घराण्यात कोणी वेडसर?' म्हणून जी कुजबुज चालते, तीच त्या कुलपाची किल्ली आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. मनाच्या आजाराचा विषय निघाला आणि बुलढाणा जिल्ह्यातील माणसाने सैलानीचे नाव घेतले नाही, तर ते ढोंग होईल. पिंपळगाव सराईजवळील त्या दर्ग्यावर सर्व जातींचे आणि सर्व धर्मांचे लोक जातात. होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. मनोरुग्णांना बरे वाटावे म्हणून दूरदूरच्या प्रांतांतून माणसे तेथे त्यांना घेऊन येतात. मी लहान असताना माझी एक चुलत आत्या तेथे नेली होती. बैलगाडीत तिचे हात दोरीने बांधले होते, आणि गाडीमागे चालताना मी त्या दोरीकडे पाहू नये म्हणून आई माझा चेहरा पदराने झाकीत होती. कोणाच्या श्रद्धेला मी बोल लावीत नाही. ज्या काळी आपल्या मुलखाला सर्वांत जवळचे सरकारी मनोरुग्णालय म्हणजे १८६४ साली स्थापन झालेले नागपूरचे, आणि ते तीनशे किलोमीटरांहून दूर, त्या काळी माणसाने दुःख घेऊन जावे तरी कोठे? जेथे कोणी 'या' म्हणेल तेथे तो गेला. माझे म्हणणे दोरीविषयी आहे.

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. तेथील मनोरुग्णांचे पाय साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही, आणि २८ जण दगावले. सर्वोच्च न्यायालयाने त्या वार्तेची स्वतःहून दखल घेतली आणि सर्व राज्यांना अशा ठिकाणांचा शोध घेण्यास बजाविले. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसाला दोरीने वा साखळीने बांधून मारणे, हा त्याखाली अपराध आहे. २०१७ च्या कायद्यात तर साखळीने बांधण्यास कोणत्याही कारणासाठी पूर्ण मनाई आहे. तरीही उत्तर प्रदेशातील बदायूँकडे साखळीत ठेवलेल्या रुग्णांचे प्रकरण २०१९ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयापुढे यावेच लागले. कायदे पुरेसे आहेत. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार यांच्या दर्ग्यावर 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम चालविला गेला. दुआ मागावयास आलेल्याला तेथेच मनोविकारतज्ज्ञाचे औषधही मिळे. तेथील मुजावरांनी ते मनावर घेतले, म्हणून ते साधले. श्रद्धेला न दुखविता दोरी सोडविता येते, एवढे त्यावरून दिसते.

आणि सरकारच्या स्वतःच्या घरात काय चालते? जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयास आपल्या महाराष्ट्र राज्याला असे सांगावे लागले की, मनोरुग्णालयातील रुग्णांना भिक्षेकरीगृहात व वृद्धाश्रमात हलविण्याचा प्रकार तत्काळ थांबवा. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात एका मनोविकारतज्ज्ञाच्या अर्जावर सुनावणी चालली. बरे होऊनही वर्षानुवर्षे ठाण्याच्या रुग्णालयात राहिलेल्या रुग्णाच्या निमित्ताने राज्याच्या प्राधिकरणाने आपले काम किती केले, याची विचारणा न्यायालयाने केली. म्हणजे देखरेख करणाऱ्यांवर देखरेख ठेवावयास पुन्हा कोणीतरी एक माणूस लागलाच! त्या गृहस्थांनी विचारले, म्हणून न्यायालयाने विचारले.

आता पैशाविषयी. अमेरिकेत गेल्या तीस वर्षांत वेदनाशामक गोळ्यांनी जो कहर केला तो आपण वर्तमानपत्रांत वाचला असेल. माझ्या भाच्याचीच गोष्ट तेथे लक्षावधी घरांत घडली. तेथील राज्यांनी आणि गावांनी औषध कंपन्यांना न्यायालयात खेचले. २०२१ साली जॉन्सन अँड जॉन्सन आणि तीन मोठे वितरक यांनी मिळून २६ अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले. इतर कंपन्यांची भर पडून ही रक्कम पुढे ५० अब्जांवर गेली. त्या २६ अब्जांच्या तडजोडीत एक शहाणपणाची अट घातली गेली: किमान शेकडा ८५ भाग रक्कम या संकटाच्या निवारणासाठीच खर्च झाली पाहिजे. ही अट का घालावी लागली? कारण १९९८ साली तंबाखूच्या कंपन्यांकडून ४६ राज्यांनी पंचवीस वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर घेण्याचा करार केला होता, आणि त्यातील फार मोठा वाटा राज्यांच्या अंदाजपत्रकातील खड्डे बुजविण्यात गेला. या वेळी अट असूनही काही ठिकाणी त्या पैशातून पोलिसांच्या गाड्या घेतल्या गेल्याची तक्रार आहेच. ज्यांची मुले गेली त्या आईबापांना समित्यांच्या बैठकांत जाऊन बसावे लागते आणि विचारावे लागते की, आमच्या लेकराच्या नावे आलेला रुपया कोठे गेला.

आपण म्हणाल, आपल्याकडे असा निधी कोठे आहे? आहे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात १९८९ साली दुरुस्ती होऊन एक राष्ट्रीय निधी स्थापन करण्यात आला. सरकारी अनुदान त्यात जमा होते, आणि विष विकून ज्यांनी इमले बांधले त्यांच्या जप्त मालमत्तेच्या विक्रीचे पैसेही. व्यसनग्रस्तांचा शोध, उपचार, पुनर्वसन व लोकशिक्षण यांसाठी तो वापरावयाचा आहे. आणि ७ ख या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, दरवर्षी त्या निधीतून झालेल्या कामांचा वृत्तांत हिशेबासह राजपत्रात प्रसिद्ध केला पाहिजे. आपल्या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांसारखेच ते एक पान आहे. मी विचारतो की, आपल्यापैकी कितीजणांनी ते कधी उघडले? या सभागृहात एक हात वर होणार नाही, हे मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी माझाही झाला नसता.

वऱ्हाडाला मोठ्या रकमांचा अनुभव नवा नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर केली. त्यात बुलढाणा होता. सिंचन, व्याजमाफी, बियाणे, दुभती जनावरे अशी त्यातील कलमे होती, आणि त्या सर्वांची गरजही होती. परंतु गळफास घेणाऱ्याच्या मनाची विचारपूस करणारा 'प्रेरणा' प्रकल्प आपल्यासह चौदा जिल्ह्यांत यावयास २०१५ साल उजाडले. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेऊ लागली. माझ्या गावची आशाताई मला म्हणाली, "गुरुजी, लोक म्हंतात, आमच्या घरी सारं बरं हाये." पुन्हा तेच. ती विचारावयास आली आणि आपण दार लोटून घेतले.

चांगले काम होतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. पुण्यात गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा विळखा पडला, तेव्हा १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच मुक्तांगण सुरू केले. त्याला पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा आधार होता. वेड्यांच्या इस्पितळाच्या आवारात मुलाला कोण ठेवील, अशी तेव्हा शंका होती. लोकांनी ठेवले, आणि आजवर हजारो माणसे तेथून चालत घरी गेली. आपल्या जिल्ह्यातही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात मनोविकारांची तपासणी होते आणि औषध मिळते. माझ्या भाच्याला अखेर तेथेच उतार पडला. केसपेपर काढताना तो खाली मान घालून उभा होता, आणि रांगेत आमच्या पुढेच आपल्या ज्ञातीतील एक गृहस्थ उभे दिसले. आम्ही दोघांनीही एकमेकांना ओळख दिली नाही. ते आज येथे असतील तर त्यांनी मला क्षमा करावी. पुढच्या वेळी मी आधी नमस्कार करीन. भाचा आता एका जिनिंगमध्ये काट्यावर नोंदी करतो. मधे दोनदा घसरला. पुन्हा उभा राहिला. डॉक्टर म्हणतात की, हा मधुमेहासारखा रोग आहे, एकदा उतरला म्हणून वही मिटावयाची नसते.

मंडळापुढे माझी मागणी लहान आहे. आपल्याकडे शिष्यवृत्तीची समिती आहे, वधू-वर समिती आहे. त्यांच्या जोडीला तीन-चार माणसांची, आणि त्यांत निदान दोन स्त्रिया असलेली, एक समिती नेमावी. ज्ञातीतील कोणाला मुलाला केंद्रात ठेवण्याची वेळ आली तर समितीतील एकाने त्याच्याबरोबर जावे आणि नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे, डॉक्टरांचे नाव विचारावे, आतली खोली पाहावी. पाहू देत नसतील तर तेथून मुलाला घेऊन परत यावे. निधीचे राजपत्रातील पान दरवर्षी मागवून वाचावे, आणि जिल्ह्यात मानसिक आरोग्यावर वर्षात किती पैसा आला व किती खर्च झाला, हे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचे तिकीट लावून विचारावे. जे उत्तर येईल ते या स्मरणिकेत, आपल्या जमाखर्चाच्या शेजारच्या पानावर छापावे. ज्यांना घराबाहेर बोलण्याचाच संकोच असेल, त्यांच्यासाठी सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा चालविली आहे; तिचा क्रमांक १४४१६, आणि त्याला पैसे पडत नाहीत. तेवढा क्रमांक तरी घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. हे सारे केल्याने एखाद्याची सोयरीक मोडेल, अशी भीती कोणास वाटत असेल तर वधू-वर समितीच्या अध्यक्षांनी उठून याच सभेत आपले मत सांगावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

कपाटातला तो अर्ज मी काल पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून काढला आणि प्राधिकरणाच्या पत्त्यावर पाठविण्यासाठी सचिवांच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात त्या केंद्राचे नाव आहे, म्हणून तो येथे वाचून दाखवीत नाही. ज्यांना आपले नाव त्याखाली घालावयाचे असेल, त्यांनी चहापानाच्या वेळी सही करावी. पहिली सही माझ्या बहिणीने सकाळीच केली आहे.